उघडा ठेवलेला कोपरा

९ जून, सोमवार

डायरी गेल्या वर्षीची आहे. दर जानेवारीत कंपनी आम्हाला नवी डायरी द्यायची. यंदा डायरी नाही आणि मार्चपासून कंपनीही नाही, त्यामुळे जुनीच कोरी पडलेली काढली. वार एकाने चुकतो, तेवढा खोडून दुरुस्त करायचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही.

लिहायचं कारण असं की काल सुयोगचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, "बाबा, उल्हासनगरची खोली सोडा आता. उगाच भाडं कशाला भरताय? इकडे या." मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण मी दिवसभर त्यांच्या सोफ्यावर बसणार आणि सुनेने मला तिसऱ्यांदा चहा विचारायचा, हे चित्र काही बघवेना. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. तोवर आम्हा दोघांचं आम्हाला भागवता आलं तर इथेच राहू. नाही जमलं तर सामान बांधून येतो. तो बरं म्हणाला.

माझं काही नाही, मी कुठेही राहीन. प्रश्न बकुळाचा आहे. लग्न होऊन ती या कॅम्प दोन वस्तीतल्या खोलीत आली आणि इथेच रुळली. तिला इथून हलवलं तर ती मनाला लावून घेईल. हल्ली मी दुपारी जरा आडवा होतो त्याचीही ती काळजी करते. म्हणते, सकाळीपण आडवेच होता. तिचं काहीतरीच असतं.

१२ जून, गुरुवार

मोबाईलवर निरोप आला: घरबसल्या टायपिंग करा आणि कमवा. भांडवल काही नाही, फक्त नोंदणीची फी. मी लगेच फॉर्म भरायला घेतला आणि तांदूळ निवडत बसलेल्या बकुळाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "काम त्येंचं, करायचं आपण, आन पैसं बी आपुनच द्यायचं?"

मी तिला समजावलं की ऑनलाइनमध्ये अशीच पद्धत असते. ती उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने शेजारची जिज्ञासा आली. ही बाई घरात बसून मोबाईलवरून गाऊन आणि कुर्ते विकते, तिला यातलं कळतं. तिने स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, "काका, सरळ चुना लावणार हे लोक. ब्लॉक करा."

फी भरली नाही. फॉर्म मात्र मी फार सुबक भरला होता.

१७ जून, मंगळवार

खालच्या गल्लीत होतचंदशेठचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. कापून उरलेले तुकडे, ज्यांना इथे सगळे कतरन म्हणतात, ते तो पोत्यात भरून टाकून देतो. बकुळाने आज त्यातलं एक पोतं मागून आणलं आणि सरळ माझ्या खाटेवर उपडं केलं. मी खाटेवर होतो.

म्हटलं, "अगं, घरात दुसरी जागा नाही का?"

"न्हाई," म्हणाली. "सरका जरा. आन रंग तेवढे निराळे करून द्या, मला गोधडी शिवायचीय."

आता झोपायला जागाच उरली नाही म्हणून उठून बसलो, आणि बसलोच आहे म्हणून हात चालवला. गडद निळा, फिका निळा, काळा, आणि एक धड कुठल्याच रंगाचा नाही असा. संध्याकाळी पोतं परत न्यायला होतचंदशेठ स्वतः वर आला आणि ढीग बघून म्हणाला, "साईं, मेरे गोदाम में भी ऐसा नहीं रहता है." त्याच्या गोदामात काय असतं ते मला काय माहीत. पण बरं वाटलं.

बकुळा उद्या आणखी एक पोतं आणणार म्हणते. त्या बाईला वेळकाळ काही कळत नाही.

३० जून, सोमवार

गोधडी झाली. एका बाजूला जीन्सचे चौकोन, दुसऱ्या बाजूला बकुळाची जुनी सुती साडी, आत आणखी दोन साड्यांचे थर. धावदोरा इतका सारखा की मापाची पट्टी लावून बघितली तरी फरक सापडला नाही. माण तालुक्यात तिची आई शिवायची, तिचंच बघून ही शिकली.

जिज्ञासा म्हणाली, "ऑनलाइन टाका ना काका, जुन्या कपड्यांच्या गोधड्यांवर लोक तुटून पडतात. खर्च काय, दोऱ्याचा आणि नेटपॅकचा." ती स्वतः टाकेल असं मला वाटलं होतं, पण म्हणाली तिला वेळ नाही, तुम्हीच शिका. तशी ती चार तास आमच्याकडेच बसून होती.

मी फोटो काढले. शेजारी पट्टी ठेवली, कोपऱ्यात अनुक्रमांकाची चिठ्ठी लावली. जिज्ञासा हसायलाच लागली. "काका, हा काय पोलिसांचा पंचनामा आहे?" मग तिने गोधडी खिडकीजवळच्या खाटेवर अर्धी दुमडून टाकली, बकुळाला बाजूला बसवलं आणि म्हणाली, आता काढा. बकुळाने पदर डोक्यावर घेतला आणि लाजून दुसरीकडे बघत राहिली. फोटो चांगला आला आहे. तो मी माझ्याकडेही ठेवून घेतला.

दुकानाला नाव द्यावं लागतं. मी 'बकुळा गोधडी' दिलं. तिला सांगितलेलं नाही.

जेवताना तिने माझ्या ताटातली भाकरी कोपऱ्यावर मोडून घेतली. म्हणाली, साखर वाढलीय तुमची. डॉक्टरकडे जाऊन वर्ष झालं, हिला कुठून कळलं कोण जाणे.

८ जुलै, मंगळवार

एवढी वर्षं मालाचं वजन करण्यात घालवली आणि गोधडीचं वजन करायला विसरलो. पोस्टात काट्यावर ठेवली तेव्हा कळलं की जीन्सची मोठी गोधडी म्हणजे धोंडा आहे. पाठवणावळीतच सगळी कमाई जाईल. काउंटरवरच्या बाईंनी मला दर दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

घरी येऊन बकुळाला म्हटलं, बुडालो. ती म्हणाली, "मग बारक्या लेकरांच्या शिवू. लेकरं काय एवढी मोठी असत्यात का?" जीन्सची नुसती किनार लावायची, बाकी सगळं मऊ. वजन पावपट होईल. मी रात्रभर विचार करून हेच सांगणार होतो, ती आधी बोलली एवढंच.

२१ जुलै, सोमवार

पहिली ऑर्डर. गेल्या आठवड्यात नाशिकहून आली. ओळख ना पाळख, नात्यातलं कोणी नाही, जिज्ञासाच्या ग्रुपमधलंही नाही. मी खिडकीत उभा राहून तो निरोप तीनदा वाचला.

बकुळाने विचारलं, "लेकरू मुलगा हाय का मुलगी? किती महिन्यांचं?" म्हटलं, गिऱ्हाईकाला असं विचारत नाहीत. ती म्हणाली, मग मी शिवायचं कुणासाठी? शेवटी लाज सोडून विचारलं. मुलगी, सात महिन्यांची, नाव इरा. मग चार दिवस आमच्या घरात इराशिवाय दुसरं नाव नव्हतं. इराला हा पिवळा शोभंल. इराला किनार टोचंल का. मला तर ती पोरगी रांगत आमच्याच घरात येईल असं वाटायला लागलं.

पार्सल मी शिवलं, पत्ता ठळक अक्षरात घातला. पोस्टातून परत येताना चालतच आलो आणि येताना अर्धा डझन केळी घेतली.

काल रात्रीही भाकरीचा तुकडा मोडला तिने. मी आता काही बोलत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑर्डरी येताहेत. पूर नाही, पण धार धरली आहे. सकाळी उठून निरोप बघतो, मग कतरन निवडतो, दुपारी पोस्ट. आडवं व्हायला वेळ मिळत नाही याची बकुळाला काही काळजीच दिसत नाही. जूनमध्ये केवढी करायची.

सुयोगचा फोन आला. मी त्याला पाठवणावळ, पॅकिंग, परतीचा माल सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आवाज किती छान येतोय तुमचा." नेटवर्क सुधारलं असेल. मग त्याने आईला फोन मागितला आणि दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. ती मध्येच हसली. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमच्याबद्दल न्हाई."

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज फार वाईट दिवस.

सकाळी उघडून बघतो तर पाचपैकी एक तारा. ठाण्याच्या मीनल नावाच्या बाई. फोटो टाकलाय: गोधडीचा कोपरा कात्रीने उसवलेला, आत भाकरीचा वाळका तुकडा आणि मुंग्या. खाली लिहिलंय, 'बाळाच्या पाळण्यात मुंग्या झाल्या. गोधडीत शिळं अन्न निघालं. अशांकडून घेऊ नका.'

पहिल्यांदा वाटलं, बाई खोटं बोलते, पैसे परत हवे असतील. मग फोटोतला तुकडा मोठा करून पाहिला. ती भाकरी मी ओळखतो. रोज खातो.

बकुळाला विचारलं. ती जराही घाबरली नाही. म्हणाली, "घास हाय तो. गोधडी संपली की कोपऱ्यात घास घालून वरून चौकोन शिवायचा. उपाशी गोधडी कुणाला द्यायची नसती."

"सगळ्यांत घातलेस?"

"मग काय निम्म्यांत घालू?"

मी ओरडलो. माल म्हणजे काय, गिऱ्हाईक म्हणजे काय, माझ्या स्टोअरमधून कधी एक नट चुकीचा गेला नाही, सगळं काढलं. म्हणालो, हा अडाणीपणा आता पुरे, यापुढे घास बंद. एका लेकराला मुंगी चावली, आता कोण घेणार आहे?

मुंगी चावली हे ऐकून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "लेकराला लई चावल्या का वो?" मग सुई दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवली आणि म्हणाली, "उपाशी मी देणार न्हाई. तुमाला बंद करायचं तर बंद करा."

मीनलबाईंना पैसे परत पाठवले, माफी मागितली. बाळाला डॉक्टरकडे न्यावं लागलं का, विचारलं. नाही म्हणाल्या, पायाला थोडं लाल झालं होतं, उतरलं. गोधडी परत पाठवते म्हणाल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

ऑर्डर नाही. जी एक होती ती रद्द झाली.

बकुळा घरातलं सगळं करते, बोलतेही, फक्त शिवत नाही. सुई तिथेच रिळात आहे. कतरनीचं पोतं दाराशी उभं आहे, तिने ते आत घेतलं नाही. खाट मोकळी आहे. दुपारी पडून राहिलो.

जेवायला बऱ्याच दिवसांनी ताटात अख्खी भाकरी आली. कुणी मोडली नाही. सगळी खाल्ली. गोड लागली नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

जिज्ञासा येऊन बसली. म्हणाली, "काका, असं नका ना परत झोपून राहू. काकींनी मला मे महिन्यातच सांगितलं होतं, ह्यांना जरा मोबाईलचं शिकव, हाताला काहीतरी लागलं पाहिजे." मी तिला म्हटलं, धंदा जूनमध्ये सुरू झाला, मेमध्ये कसं सांगेल? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं, जूनमध्ये असेल." कुर्त्यांचा एवढा हिशेब ठेवते आणि महिन्यांत गोंधळते.

सामान बांधायला घ्यावं का, असा विचार आला. पुस्तकांना खोका लागेल. पण ही खोली सोडून जायचं म्हटलं की खोका आणायला उठवत नाही. बकुळासाठी म्हणत होतो, पण मलाच जायचं नाही. आज पहिल्यांदा असं लिहितो आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

समोर मंडळाचा स्पीकर चालू आहे, तरी आजचं लिहिलंच पाहिजे.

जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, घास घालायचा तर घाल, पण कुणा परक्याच्या लेकराच्या गोधडीत माझ्या ताटातली भाकरी कशाला? डब्यातली का नाही घेतलीस?

ती म्हणाली, "डब्यातली चालत न्हाई. आमची आई घरातल्या कमावत्या माणसाच्या ताटातला घास काढून घ्यायची. म्हंजे जे कोन ती पांघरंल त्याला कधी कमी पडत न्हाई."

मी म्हटलं, "कमावता? मार्चपासून मी कुठे कमावतोय?"

बकुळाने भाकरी थापता थापता हात थांबवला. तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. म्हणाली, "मग कुणाच्या ताटातला घेऊ?"

मला रडू आलं. ताटावर बसूनच आलं. लिहायला संकोच वाटतो, पण डायरी माझी आहे. तिने तव्यावरची भाकरी करपू दिली आणि माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला. शर्टावर पाच बोटं उमटली आहेत, अजून झटकली नाहीत.

या माणसाच्या ताटातला घास ती इराला, आणि न पाहिलेल्या कितीतरी लेकरांना पाठवत होती. आणि मी त्याला अडाणीपणा म्हणालो.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी डोक्यात आलं ते तिला सांगितलं. गोधडी पूर्ण शिवायचीच नाही. एक कोपरा उघडा ठेवायचा, घासाचा चौकोन तीन बाजूंनी टाचायचा, चौथी बाजू मोकळी. सोबत दोरा ओवलेली सुई पाठवायची. घास ज्याने त्याने आपल्या घरचा घालावा.

ती पोत्यातला एक तुकडा काढून उलटसुलट बघत राहिली. मला वाटलं, पटलं नाही. मग म्हणाली, "त्यांच्या कमावत्याच्या ताटातला. ते बी बराबर हाय." आणि थोड्या वेळाने, "पर मुंग्यांचं?"

मी म्हटलं, तांदळाचे दोन कोरडे दाणे चालतील का? म्हणाली, कोरडे चालतील, पण ताटाला लावून घ्यायचे.

चिठ्ठी मी लिहिली, चार वेळा लिहिली: 'कोपरा मुद्दाम उघडा ठेवला आहे. घरात जो कमावतो त्याच्या ताटाला लावून तांदळाचे दोन दाणे आत ठेवा आणि शिवून टाका. मग बाळाला पांघरा. सुई जपून काढून ठेवा.' शेवटचं वाक्य लाल शाईने. बकुळाने ऐकलं आणि म्हणाली, "बाई कमवत असली तर?" म्हणून 'जो' काढून 'जो कोणी किंवा जी कोणी' असं केलं.

मग तिने रिळातली सुई काढली.

२२ सप्टेंबर, सोमवार

लोक फोटो पाठवताहेत. आम्ही मागितले नव्हते. डोंबिवलीचा एक बाप स्वतः शिवतोय, जीभ दाताखाली, टाका एवढा लांब. एक बाई नर्स आहे, तिने ड्यूटीवरच्या डब्याला दाणे लावले. एका घरात दोघंही कमावतात, त्यांनी एकेक दाणा घेतला. जिज्ञासाच्या बहिणीने सुरतेत ठेपल्याचा कण घातला, सूचना न वाचता. तिला मी कळवलं की मुंग्यांची जबाबदारी आमची नाही.

बकुळा प्रत्येक फोटो हातभर लांब धरून बघते. ऑर्डरी ऑगस्टपेक्षा जास्त आहेत. एक तारा अजून तिथेच आहे. असू दे, बाईंचं काही चुकलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सुयोग आणि सून दिवाळीला आले. मी त्याला नीट सांगितलं: भाडं निघतं, किराणा निघतो, औषधं कधी निघतात, कधी नाही. लपवलं काही नाही. त्याने दारातलं पोतं पाहिलं, खाटेवरचे ढीग पाहिले, चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाहिला. म्हणाला, "मग राहा की बाबा. औषधांचं माझ्याकडे द्या, तेवढा हक्क ठेवा."

तेवढा ठेवला.

नंतर तो स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाला, "काय आई, जमलं ना तुझं?" तिने त्याला गप्प राहायची खूण केली. गोधड्यांबद्दल म्हणत असावा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मंडळी काल गेली. घर पुन्हा दोघांचं.

आवरताना मीनलबाईंकडून परत आलेली ती गोधडी सापडली. धुऊन ठेवली होती, कोपरा तसाच उसवलेला. विकायची नाही, टाकवतही नाही. मी ती मांडीवर घेतली, सुईत दोरा ओवला. चष्मा लावूनही वेळ लागला.

बकुळाने पानं वाढली. ती बसल्यावर मी हात लांब करून तिच्या ताटातल्या भाकरीचा कोपरा मोडून घेतला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "हे काय वो?"

"साखर वाढलीय तुझी," मी म्हटलं.

तिला साखर नाही, कधीच नव्हती. तिने पदराने डोळे पुसले आणि ती उरलेली भाकरी खाऊ लागली. तुकडा मी तव्यावर खडखडीत वाळवला, कोपऱ्यात ठेवला आणि शिवला. धावदोरा वाकडातिकडा गेला आहे आणि एकदा बोटही टोचलं.

बाहेर ऑक्टोबरचा उकाडा आहे, पांघरायची काही गरज नाही. तरी घेतली आहे. लेकराच्या मापाची, त्यामुळे आम्हा दोघांच्या पावलांपुरतीच पुरते.